छपराचा खालचा थर

रविवार, ऑगस्टची अखेर, सकाळचा चहा व्हायचा होता. हजर : ताई, पलंगावर, खिडकीकडे तोंड करून. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे यजमान विनायक, पायथ्याशी खुर्चीत. दिवसपाळीची नर्स ललिता, नुकतीच आलेली. आणि मी, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत. ललितानं ताईंचं मनगट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं आणि माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. विनायक पेपर वाचत होते. त्यांनी तो घडी करून मांडीवर ठेवला आणि कोणी पुढं काही सांगेल म्हणून वाट बघत राहिले. मग मी उठले आणि कामाला लागले, कारण अशा वेळी कोणाला कळवायचं, काय आणायचं, कोण कुठे बसेल, हे मला सुचतं आणि इतरांना सुचत नाही. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात मी खरेदीचं काम बघते. कोण हजर होतं, काय ठरलं, काय राहिलं, हे टिपून ठेवणं अंगवळणी पडलंय. ताई त्यावरून चिडवायच्या. "रेखा, मी गेले की माझ्या नावापुढं बरोबरची खूण करशील ना?" असं एकदा म्हणाल्या होत्या. ती खूण काही केली नाही. पण सहा आठवडे झाले, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर आता लिहायला हवं.

शरयूताई माझ्या मोठ्या नणंद. वास्तुकलेचं शिक्षण नागपूरला झालं आणि मग सगळी नोकरी रायपुरात, कॉलेजात शिकवण्याची. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर "जमलं नाही" म्हणायच्या, अगदी एखादी गाडी चुकल्यासारख्या सुरात. तरुणपणी एक शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या वर्षभर इंग्लंडला गेल्या, नैर्ऋत्येकडच्या डेव्हन परगण्यातल्या एका खेड्यात. काम काय, तर तिथली जुनी गवती छपरांची घरं मोजायची आणि कागदावर उतरवायची. आमच्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, हे शेवटपर्यंत पटलं नाही. मुलगी समुद्रापार शिकायला गेली ती झोपड्या बघायला, हे त्यांनी नातेवाइकांना कधी सांगितलं नाही. "इमारती शिकून राहिली," एवढंच सांगायचे.

त्या एका वर्षावर ताई आयुष्यभर जगल्या म्हटलं तरी चालेल. जेवताना कधी कढी वाढून घेता घेता सुरू व्हायच्या... त्या घरांच्या भिंती मातीच्या, हे त्यांना फार महत्त्वाचं वाटे. माती, गव्हाचं काड, बारीक खडे, सगळं पायांनी तुडवायचं आणि साच्याशिवाय हातभर उंचीचा थर रचायचा. तो वाळेपर्यंत थांबायचं, मग वरचा. म्हणून कोपरे धारदार नसतात, खांद्यासारखे गोल असतात. खाली दगडाचं जोतं, वर उतरतं जाड छप्पर, आणि वळचण इतकी पुढं आलेली की पाणी भिंतीला शिवत नाही. पन्हळ नाही, काही नाही. माडीच्या खिडकीपाशी छप्पर भुवईसारखं उचललेलं. छपराची पाखं, म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार, चांगली उभट, कारण पाणी थबकलं की काड कुजतं; पळतं ठेवलं तर वरचा बोटभर जाडीचा भाग तेवढा ओला होतो, आतलं कोरडं राहतं. हे सगळं त्या चमच्यानं ताटात काढून दाखवायच्या. विनायक म्हणायचे, "ताई, कढी प्यायची आहे, शाकारायची नाही."

पण त्यांची खरी गोष्ट होती ती माळ्यावरची. ज्या घरात त्या भाड्यानं राहिल्या, त्या घराच्या म्हाताऱ्या मालकिणीनं एके दिवशी त्यांना शिडी लावून माळ्यावर चढवलं. टॉर्चच्या उजेडात छपराची खालची बाजू दिसली. पूर्ण काळी. हात लावला तर हातही काळा. घर बांधलं तेव्हा धुराडं नव्हतं, मधोमध जमिनीवर चूल पेटायची आणि धूर काडातून वाट काढत वर जायचा. धुराडं आलं, माडी आली, घरात माणसांच्या किती पिढ्या झाल्या, पण ते काड तसंच राहिलं. कारण तिकडची रीतच अशी की जुनं छप्पर उतरवायचं नाही. वरचं कुजलेलं तेवढं खरवडायचं आणि त्यावर नवा थर चढवायचा. त्यामुळे सगळ्यात खाली पहिल्या माणसाच्या हातचा थर असतो, शेकडो वर्षांचा. त्या काळ्या काडात ताईंना धान्याच्या ओंब्या दिसल्या, रानफुलांची वाळकी डोकी दिसली. ज्या शेतातलं ते काड, ते शेत आता कुठं होतं तेही कोणाला माहीत नव्हतं. "शेत गेलं, माणसं गेली, आणि त्या वर्षीचं पीक डोक्यावर तसंच," असं म्हणून त्या थांबायच्या... आणि मग कढी गार झालेली असायची.

कॉलेजात पोरं त्यांना झोपडी मॅडम म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. दर वर्षी एक तास त्या या घरांची चित्रं पडद्यावर दाखवत. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, हम लोग इसी से निकलके आए हैं. आप फिर वहीं भेज रही हैं." वर्ग हसला. त्या संध्याकाळी ताई घरी आल्या. मी खोदून विचारल्यावर सांगितलं. "तू काय उत्तर दिलंस?" असं सुटीला आलेल्या विनायकांनी विचारलं, तर म्हणाल्या, "खरं तेच. म्हटलं, तिकडेही असंच झालं. त्या घरांत शेतमजूर राहायचे, ओलीत, खोकत. सुटता आलं तेव्हा सुटले. आता तिथं राहतात ते मोटारीतून येणारे लोक. तुझं चुकलं नाही म्हटलं, बस." मग जरा वेळानं, "पण बांधता येत होतं त्यांना, ते तरी आपण पाहून ठेवावं की नाही?" म्हणाल्या. आता वाटतं, त्यांना फक्त कोणी ऐकायला हवं होतं. ते तासाभराचं व्याख्यान रायपुरातल्या कितीतरी पोरांनी ऐकलं. घरच्या कोणी कधी ऐकलं नाही.

शंकर नगरच्या आमच्या घरामागं जी खोली आहे, ती त्यांनी मी लग्न होऊन आले त्याच सुमारास बांधली. मातीच्या भिंती, दगडाचं जोतं, बाहेरून पांढऱ्या मातीचा हात, आणि वर उभट गवती छप्पर. गहू आपल्याकडे कुठला, म्हणून धानाचा पेंढा, ज्याला इकडे पैरा म्हणतात. बाबांचा पहिल्यापासून विरोध होता. आजूबाजूला दोन-दोन मजली घरं उठत असताना आपल्या अंगणात झोपडी. पण त्याच वर्षी गावाकडची आमची शेती विकली गेली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची जमीन, कसणारं कोणी उरलं नव्हतं. शेवटचं धान निघालं तेव्हा ताईंनी बाबांना सांगितलं, पैरा विकू नका, मला द्या. तो उंच वाढणाऱ्या जुन्या जातीचा होता, विळ्यानं कापलेला, लांब, सरळ. ट्रॉली भरून अंगणात आली. गावाकडचे दोघे भाऊ शाकारायला आले होते, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की बाबा धोतर खोचून शिडीवर चढले आणि पेंढ्या वर देऊ लागले. दिवसभर देत होते. एकदाच बोलले. "आपल्या बांधाकडचा दिसून राहिला हा," म्हणाले, आणि पेंढी नाकाशी धरली. ती जमीन गेल्याबद्दल मी त्यांच्या तोंडून त्यानंतर अवाक्षर ऐकलं नाही.

पैरा काही काडासारखा टिकत नाही. दर तीन-चार वर्षांनी छपरावर नवा थर घालावा लागे. ते काम ताई डिसेंबरात काढायच्या, धान निघाल्यावर. शाकारणाऱ्यांशी दर खेपेला तोच वाद. ते म्हणायचे, दीदी, जुना सडलाय, सगळा काढू. इथली रीत तशीच आहे आणि त्यांच्या दृष्टीनं बरोबरही आहे; इथं पातळ छप्पर घालतात, कुजलं की उतरवतात आणि नवं घालतात. ताई खाली उभ्या राहून ओरडायच्या, "नीचे वाला नहीं, नीचे वाले को हाथ नहीं लगाना." तिकडच्यासारखी काजळी धरावी म्हणून हिवाळ्यात संध्याकाळी त्या खोलीत शेगडीवर कडुलिंबाचा पाला जाळत. धूर छपरातून झिरपत बाहेर यायचा. शेजारच्या काकू गच्चीवरून विचारायच्या, "आग लग गई क्या दीदी?" ताई खालून सांगायच्या, "नहीं भाभी, लगा रही हूँ." मी कारखान्यातून यायची ती कपड्यांवर सिलतऱ्याची धूळ घेऊन. मला दारात बघून म्हणायच्या, "ये. तुझी काजळी फुप्फुसात, माझी छपरात." बाबा गेल्यानंतर कधी कधी त्या खोलीत खाटेवर उताण्या पडून वर बघत बसायच्या. वर काय होतं हे आम्हा दोघींना माहीत होतं. विनायकांना नव्हतं. रेल्वेच्या बदल्यांत त्यांची वर्षं बिलासपूर, डोंगरगड, गोंदिया करण्यात गेली. मी नोकरीमुळे इथंच राहिले आणि ते सुटीपुरते यायचे. पहिल्यांदा शाकारलं तेव्हा ते बाहेर होते, नंतरच्या डिसेंबरांतही. त्यांना ती ताईंची हौसेची खोली वाटायची. गळकी, पण ताईंची.

दोन वर्षांपूर्वी ताईंचं दुखणं कळलं. शस्त्रक्रिया नागपूरला करायची ठरली, पुढचे उपचारही तिथंच. मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. विनायक तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरी एकटे होते. ज्या माणसानं सगळं आयुष्य रूळ आणि स्लीपर बदलून घेण्यात घालवलं, त्याला गळणारं छप्पर रोज समोर दिसत होतं. ताई परत येतील तेव्हा त्यांना त्यांच्या खोलीत कोरडं पडता यावं, असं त्यांच्या मनात आलं. मे महिन्यात त्यांनी माणसं शोधली, मिळेल तिथून पैरा आणवला, उन्हात स्वतः उभे राहिले. माणसांनी विचारलं, जुना काढायचा? हे म्हणाले, "और क्या. पूरा निकालो." आम्हाला फोनवर काही सांगितलं नाही. ताईंना अचानक दाखवायचं होतं.

आम्ही परतलो तो दिवस मला विसरता येत नाही. गाडी फाटकाशी थांबली, विनायकांनी ताईंचा हात धरून उतरवलं आणि थेट मागच्या अंगणात नेलं. छप्पर पिवळंधमक, कडा अगदी सरळ कापलेल्या. ताई बघत राहिल्या.

"जुना पैरा कुठं आहे रे?" त्यांनी विचारलं.

"जुना? तो काय ठेवायचा... पार काळा पडला होता, खालपर्यंत. कचऱ्यात कोण नेणार, इथंच जाळला." विनायकांचा चेहरा उजळलेला होता. "कसं झालं ते सांग ना. मले वाटलं, तू खूश होशील."

"मस्त केलंस," ताई म्हणाल्या. "एकदम मस्त दिसून राहिलं." आणि भावाच्या दंडाला धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे होते. त्यांची पाठ दिसत होती मला, तोंड नाही.

दुपारी त्यांच्या पाठीला तेल लावताना त्या मला म्हणाल्या, "त्याले सांगू नको." मी बरं म्हटलं. मग म्हणाल्या, "तिकडचा तो काळा थर... तोही कधीतरी कोणीतरी नवाच घातला होता की. आता हा खालचा. यावरून घालत जा, काढू नका म्हणजे झालं." हे त्यांनी इतक्या नीट, समजावून सांगितलं की मला त्यातलं काही खरं वाटलं नाही. त्यानंतर त्यांनी शेगडी पेटवली नाही. खोलीत जायच्या, पुस्तक आणायच्या, परत यायच्या. खाटेवर पडून वर बघताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. आणि जेवताना इंग्लंडची गोष्ट... तीही बंद झाली. विनायकांनी एकदा विचारलं सुद्धा, "आजकाल ताई झोपडीचं काही बोलत नाही?" मी म्हटलं, थकतात. ते खरंही होतं.

तेराव्याला जी मंडळी आली, त्यांत ताईंचा एक जुना विद्यार्थी होता. आता इथंच स्वतःचं ऑफिस चालवतो. जेवणं झाल्यावर तो संकोचत विनायकांना म्हणाला, "सर, वो कमरा एक बार देख सकता हूँ? मॅडम ने क्लास में बताया था. नीचे की परत आपके गाँव के खेत की है, आखिरी फसल की, और आपके पिताजी ने अपने हाथ से चढ़वाई थी. कहती थीं, इंग्लैंड में भी इतनी अपनी चीज़ नहीं देखी." तो बोलत होता आणि विनायक त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी किल्ली आणली, त्याला खोली उघडून दिली आणि स्वतः दारात थांबले. मुलगा आत जाऊन मान वर करून बघत राहिला. वर नवाच पैरा होता. तोही वास्तुकलेचाच माणूस, त्याला कळलं असणार. "अच्छा है सर," एवढंच म्हणून तो निघून गेला.

माणसं पांगल्यावर मी खोलीकडे गेले. विनायक अजून दारातच होते.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"तिनं काहून नाही सांगितलं मले?"

"तुम्ही इतक्या हौसेनं केलं होतं."

"बाबांनी चढवलेलं..." ते म्हणाले. "आणि मी म्हटलं तिले, पार काळा पडला होता. तिलेच सांगून राहिलो होतो." मग त्यांनी कडी लावली. त्या दिवसापासून ते मागच्या अंगणात जात नाहीत. झाडांना पाणी मी घालते. हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं. "लिही," म्हणाले. "तिनं नाही सांगितलं, तू तरी सांग."

आता खोलीची अवस्था. ते छप्पर घाईत आणि पातळ घातलं गेलं होतं, मिळेल त्या पैऱ्याचं. यंत्रानं कापलेला पैरा तुटका असतो, त्याची पेंढी धड बांधता येत नाही, घसरते. दोन पावसाळ्यांत आढ्यावर खळगा पडलाय. या सप्टेंबरात उत्तरेच्या भिंतीवर ओल उतरली, आणि मातीची भिंत एकदा वरून भिजायला लागली की फार दिवस धरत नाही. आमची मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "मम्मी, ऊपर टिन डलवा लो ना, टेन्शन खतम." मी तिला ओरडले नाही. तिचंही चुकलेलं नाही. पण विनायकांनी तो फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "टिन नाही पोट्टी. वरून थर घालायचा आहे. खालचा काढायचा नाही." त्यांच्या तोंडून ताईंचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना ते मीच सांगितलं होतं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.

थर घालायचा तर हातानं कापलेला लांब पैरा हवा, आणि तो आता सहज मिळत नाही. सगळीकडे हार्वेस्टर फिरतो. आमची जमीन होती त्याच गावातले रामाधार अजून एका तुकड्यात जुन्या जातीचं उंच धान लावतात, घरी खायला. ते ताईंच्या तेराव्याला आले होते. पुढं बाजाराच्या कामानं घरी डोकावले तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, "हव दीदी, उतना हाथ से कटवा देंगे. बस हार्वेस्टर वाले को बोलने से पहले बता देना. एक बार खेत में घुस गया तो फिर नहीं रुकता वो." विनायक शेजारी उभे होते. "मैं बताऊँगा," म्हणाले. "मैं खुद फोन करूँगा."

माझा दिवस अशाच फोनांत जातो. कोणाकडून, किती, कधीपर्यंत. चहा येण्याआधी कितीतरी होतात. हाही मला दोन मिनिटांचा आहे. पण तो मी करायचा नाही, एवढं मला कळतं. रविवारी विनायकांनी रामाधारचा नंबर काढलेला मी पाहिला. बराच वेळ पडद्याकडे बघत बसले, मग फोन टेबलावर पालथा ठेवला आणि आंघोळीला गेले. परवाही तसंच. तिकडे धान निसवून लोंब्या भरल्यात, बांधाकडचं पिवळं पडायला लागलंय म्हणतात. हार्वेस्टरवाले दिवाळीच्या आधीच दिवस ठरवून घेतात. रामाधारांना फोन व्हायचा बाकी आहे.